दुसरी सही

देवकीच्या लग्नाला अडीचशे माणसं जेवून गेली. त्यातली निम्मी आज हयात नाहीत आणि उरलेल्यांना त्या दिवशीचं भाज्यांचं खतखतं अळणी झालं होतं एवढंच आठवतं. लोक लग्नातलं तेवढंच लक्षात ठेवतात. पण लग्न झालं होतं, यात वाद नाही. पेडणे तालुक्यातल्या हळर्ण्याला, तिचे वडील सखाराम परब यांच्या अंगणात मांडव पडला होता. मंगळाष्टकं म्हणून म्हणून भटजींचा घसा बसला होता. नवरदेव भिकाजी गावस डिचोलीकडच्या सुर्ल्याचा, खाणीवर खनिजाचा टिप्पर चालवणारा. त्यानं मालकाच्या हातापाया पडून तोच टिप्पर वऱ्हाडासाठी आणला होता, आणि वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या बायकांच्या लुगड्यांना मागून तांबडा ठसा उमटला होता. गोव्याला घटकराज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती.

एवढं सगळं होऊनही सरकारच्या लेखी देवकीचं लग्न झालंच नाही.

त्याचं असं आहे. पोर्तुगीज गेले, पण लग्नाचा कायदा मागे ठेवून गेले. गोव्यात भटजी लग्न लावतो, करतो मात्र रजिस्ट्रार. त्याच्या कचेरीत दोन वेळा जावं लागतं. पहिल्यांदा जायचं, आम्हाला लग्न करायचं आहे म्हणून दोघांनी सही करायची. मग दोघांची नावं कचेरीबाहेरच्या फळ्यावर पंधरा दिवस लागतात. कोणाची हरकत असेल तर त्यानं यावं. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न पुस्तकात चढलं. पहिली सही म्हणजे नुसता साखरपुडा. मांडव, होम, सप्तपदी ही तुमची घरची हौस.

देवकी आणि भिकाजी यांची पहिली सही चैत्रात झाली. पेडण्याच्या कचेरीत लाकडी मेजावर वाकून तिनं शाळेतल्यासारखं गोल अक्षरात लिहिलं, देवकी सखाराम परब. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली, आणि ती नेमकी भिकाजीच्या व्रतात आली.

भिकाजी शिरगावच्या लईराईचा धोंड होता. धोंड म्हणजे देवीचे व्रतकरी. जत्रेआधी ते घर सोडून वेगळे राहतात, विहिरीवर आंघोळ करतात, सोवळ्यात शिजवलेलं खातात, कोणाला शिवून घेत नाहीत, आणि जत्रेला पेटत्या होमकुंडातून चालत जातात. अशा माणसानं व्रतात असताना एसटीत चेंगरून पेडण्याला जायचं, रजिस्ट्रारचं पेन हातात घ्यायचं, ते कुठे जमणार? त्यानं निरोप पाठवला, "जत्रा होऊं दी. देवीच्या वर काय रजिस्ट्रार आसा?" सखाराम परबांनाही ते पटलं. जत्रा झाली, भिकाजी निखाऱ्यांवरून चालून आला, आठ दिवसांनी लग्नाचा मुहूर्त होता तो साधला. मग पाऊस. मग देवकीला दिवस गेले. कचेरीतली चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी गेली आणि तिच्यावर बाळाची दुपटी आली.

दुसरी सही राहिली. कोणाचं काही अडलं नाही.

सुर्ल्याच्या वाटणीत भिकाजीच्या वाट्याला एक माड आणि तीन भावांचं भांडण एवढंच आलं. मुलगी कोमल दोन वर्षांची झाली तेव्हा त्याला डिचोलीबाहेरच्या कामगार वसाहतीत खोली मिळाली. सरकारी मदतीनं बांधलेली वसाहत, खाणकामगारांसाठी. समोरासमोर दोन ओळी, चोवीस खोल्या. भाडं इतकं कमी की मागताना कारकुनाला लाज वाटावी. चौदा नंबरची खोली भिकाजी यशवंत गावस याच्या नावावर झाली. अर्जात कुटुंबातली माणसं विचारली होती. त्यानं आपल्या हातानं लिहिलं, बायको देवकी, मुलगी कोमल. तेव्हा दाखला कोणी मागितला नाही. बायको कडेवर मूल घेऊन दारात उभी होती, आणखी कसला दाखला?

त्या खोलीत देवकीची वीस वर्षं गेली. एक पडवी, एक खोली, एक चूल आणि रस्त्याकडे उघडणारं एक जनेल. ते जनेल तिनं कधी उघडलं नाही. उघडलं की पाच मिनिटांत भातावर तांबडी धूळ. दर दोन मिनिटांनी एक टिप्पर, एकामागून एक, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. पाववाला पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत यायचा त्याच्या टोपलीतले उंडेसुद्धा वसाहतीत पोचेपर्यंत तांबूस व्हायचे.

पण त्याच टिप्परांनी तिला काम दिलं. खनिजावर ताडपत्री झाकावी लागते आणि ताडपत्री फाटते. भिकाजीची फाटलेली तिनं एकदा शिवून दिली. ती टाच बघून दुसऱ्यानं दिली, मग तिसऱ्यानं. पुढे पुढे चौदा नंबरच्या पडवीत फाटक्या ताडपत्र्यांचा ढीगच लागला. दाभण आणि नायलॉनची दोरी घेऊन देवकी दिवसभर बसायची. दाभण रेटून रेटून उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झाली. तव्यावरची भाकरी ती नुसत्या हातानं उलटायची. शेजारची चंद्रावती म्हणायची, "देवके, तुझी बोटां हत की उलथनां?" देवकी हसायची. कळत नाही तर दुखतही नाही, त्यात वाईट काय, असं तिला वाटायचं.

कोमल मोठी झाली, बारावी झाली, फोंड्याला एका किराणा दुकानदाराच्या घरात तिचं ठरलं. त्या लग्नात देवकीनं एकच हट्ट धरला. दागिने कमी चालतील, पण दुसरी सही झाल्याशिवाय मांडव घालायचा नाही. ती स्वतः फोंड्याच्या कचेरीत गेली आणि मुलीनं दुसरी सही करेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. रजिस्ट्रारनं पुस्तक मिटलं तेव्हाच ती भिंतीपासून हलली.

परतीच्या बसमध्ये ती भिकाजीला म्हणाली, "आमची रवली ती."

"काय रवली?"

"सय. दुसरी."

भिकाजी आधी खो खो हसला. मग घरी येऊन ट्रंक उपसून त्यानं ती चिठ्ठी शोधली. चिठ्ठीची मुदत निघून जाऊन जमाना झाला होता. आता पुन्हा पहिल्यापासून, पहिली सही, पंधरा दिवस फळा, मग दुसरी. भिकाजी तयार झाला. सोमवारी जाऊ म्हणाला. सोमवारी सकाळी दाढी करताकरता थांबला आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून म्हणाला, "गे, पण फळ्यार नावां लागतली."

"लागूं दी."

"पंधरा दीस? आख्खो बाजार वाचतलो. भिकाजी गावस लगीन करता म्हणतले. चेडवाचां लगीन झालां आणि आता बापूस उभो रवलो म्हणतले. व्याही कोर्टाच्या कामाक सदां पेडण्याक त्याच वाटेन जाता. तेणी वाचल्यान तर?"

आता देवकीही घाबरली. खरंच वाचलं तर? म्हणजे आपली सून कोणाची मुलगी, असं व्याह्यांनी विचारलं तर? दोघं त्या सोमवारी गेली नाहीत. पुढच्या सोमवारी भिकाजीला फेऱ्या जास्त होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी कोणी विषय काढला नाही. निखाऱ्यांवरून चालणारा माणूस एका फळ्याला भ्याला, असं देवकी पुढे एकदा चंद्रावतीला म्हणाली. पण भ्याली तीही होती. हे ती म्हणाली नाही.

मग सरकारच्या हुकमानं खाणी बंद झाल्या.

एका दिवसात रस्ता मुका झाला. देवकीनं वीस वर्षांनी जनेल उघडलं आणि तिला पलीकडचा डोंगर दिसला, अर्धा खाल्लेला. ताडपत्र्या यायच्या थांबल्या. टिप्पर माळावर ओळीनं उभे राहिले आणि चाकांतून गवत वर आलं. भिकाजी रोज सकाळी माळावर जायचा, आपल्या टिप्परमध्ये चढायचा, बॅटरी उतरू नये म्हणून अर्धा तास इंजिन चालू ठेवायचा आणि दहाच्या पेजेला घरी यायचा. मालकानं सांगितलं नव्हतं, त्यासाठी कोणी छदाम देत नव्हतं. देवकी म्हणाली, "आता तुका वेळच वेळ आसा. पेडण्याक जावया?" तो म्हणाला, "जावया, चवथ झाली की." दुसऱ्या वर्षाची गणेशचवथ आली. चवथीनंतर पंधरा दिवसांनी तो दहाच्या पेजेला आला नाही.

पेज थंड झाली तशी ती स्वतःच माळावर गेली. भिकाजी जागेवर बसला होता, डोकं मागे टेकलेलं, हात गिअरवर. इंजिन चालूच होतं. देवकी पायरीवर चढली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि पहिलं काम काय केलं तर हात घालून चावी फिरवली. डिझेल जळत होतं.

ही गोष्ट वसाहतीत बरेच दिवस चघळली गेली. बाई रडली नाही, चावी फिरवली. चंद्रावतीनं तिला दंडाला धरून हलवलं, "रड गे, रड. असां बसा नको." देवकीनं प्रयत्न केला. आलं नाही. दहाव्याला येईल वाटलं, बाराव्याला येईल वाटलं. कोमल धाय मोकलून रडली तेव्हा देवकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मनात विचार करत होती की तांदूळ पुरतील ना. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचीही तिला भीती वाटली नाही. बोटांच्या टोकांचं जे झालं होतं ते आता वरवर चढत गळ्यापर्यंत आलं होतं, एवढंच.

मृत्यूचा दाखला मिळाल्यावर ती खोली आपल्या नावावर करायला वसाहतीच्या ऑफिसात गेली. तिथला कारकून गुरुदास तिला चांगला ओळखत होता. वीस वर्षं भाडं त्यानंच घेतलं होतं, कोमलच्या लग्नात जेवला होता. गुरुदास वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यापुढे छापील रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची त्याला मुभा नव्हती.

"वयनी, लग्नाचो दाखलो?"

देवकीनं पिशवीतून लग्नाचा फोटो काढून मेजावर ठेवला. फेटा, मुंडावळ्या, मागे टिप्पर.

गुरुदासनं फोटो मन लावून बघितला. "बरो आयला," तो म्हणाला. "पण दाखलो?"

"रेशन कार्डार बायको म्हणून आसा. मतदानाच्या कार्डार आसा. तुमच्याच अर्जार तेच्या अक्षरान आसा."

"तां सगळां आसा, वयनी. दाखलो नाय तर मी काय करूं?"

महिनाभरात नोटीस आली. गुरुदासनंच आणून दिली आणि दारातूनच गेला, चहाला थांबला नाही. इंग्रजी कागद. वाटपधारक मयत आहे, खोलीत राहणाऱ्या बाईचा हक्क सिद्ध झालेला नाही, तीस दिवसांत लेखी म्हणणं मांडावं, नाहीतर खोली रिकामी करून घेण्यात येईल. खाणी बंद असूनही खोल्यांसाठी यादी मोठी होती, असं लोक बोलायचे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर सरकारचं होतं, वासेही सरकारचे, फिरायला वेळ कसला लागतो?

देवकीनं भांडी मोजली. कुठे न्यायची त्याचा विचार केला. हळर्ण्याला वडील नव्हते, भाऊ होता पण भावजय होती. सुर्ल्याला तो माड होता. मनानं ती निघालीच होती. चंद्रावतीनंच तिला अडवलं. तिच्या नवऱ्याच्या पेन्शनच्या वेळी डिचोलीच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील देतात हे तिला कळलं होतं. ती देवकीला हाताला धरून घेऊन गेली.

वकीलबाई म्हणजे गौरवी, तिशीच्या आतली पोरगी, काळ्या कोटात घामानं निथळत होती. तिनं नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "मावशी, हा हुकूम नव्हे. हा नुसता प्रश्न आहे. उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क आहे."

"हक्क?" देवकीनं विचारलं. वीस वर्षं ती त्या खोलीत सरकारचे उपकार म्हणून राहिली होती.

"सुनावणी झाल्याशिवाय तुमचं एक भांडंसुद्धा कोणी बाहेर ठेवू शकत नाही. नळ तोडू शकत नाही, वीज तोडू शकत नाही, कुलूप घालू शकत नाही. भाडं घ्यायला नाही म्हणाले तर मनीऑर्डर करायची. स्वस्तातली खोली म्हणजे भीक नाही."

गौरवीनं ऑफिसातून वसाहतीची नियमांची चोपडी मागवून घेतली, मिळत नव्हती तर अर्ज करून घेतली. पुढच्या खेपेला ती देवकीला म्हणाली, "दोन वाटा आहेत. पहिली वाट, तुम्ही बायको होता हे कोर्टात सिद्ध करायचं. साक्षीदार, फोटो, अर्ज. इथला कायदा दुसऱ्या सहीवर अडून बसतो. पाच वर्षं लागतील, दहाही लागतील. हरलात तर खोली गेली."

"आणि दुसरी?"

गौरवीनं चोपडीचं एक पान उघडलं. "नियम नऊ. वाटपधारकाबरोबर सलग दहा वर्षं राहिलेली, त्याच्यावर अवलंबून असलेली कोणतीही व्यक्ती, मग नातं असो वा नसो, खोलीची हक्कदार. म्हातारी आत्या असेल, सांभाळलेलं पोर असेल, कोणीही. रेशन कार्ड तेवढं पुरे. एका सुनावणीत काम होईल. मावशी, हा नियम चांगला आहे. कोणीतरी शहाण्या माणसानं केलेला आहे."

"मग तां करूंया."

"त्याला प्रतिज्ञापत्र लागतं," गौरवी म्हणाली. "बायकोसाठी वेगळा नियम आहे, तिथे दाखला लागतो. नवातून जायचं तर लिहून द्यावं लागेल, की मी मयताची बायको नाही."

देवकीनं मान हलवली. जणू तिला कोणी बसची वेळ सांगितली होती.

रविवारी कोमल फोंड्याहून आली. पडवीतल्या शेवटच्या ताडपत्रीवर बसून तिनं सगळं ऐकलं. मग तिनं आधी स्वतःचं विचारलं. तरुण माणसं तसंच करतात, त्यात दोष नाही.

"माझां काय मगे? मी कोणाची?"

"वकीलबाय म्हणता तुका काय होवचां नाय. जन्माच्या नोंदीत बापसान सय केल्यान. ती एकच सय तेणी वेळेर केल्यान."

कोमलला हसू आलं आणि त्याच हसण्यातून ती रडायला लागली. "बाबाक एक दीस मेळूंक नाय? वीस वर्सांत एक दीस? आई, तू नको करूं सय. तू आमच्याकडे येवन रव."

देवकीनं फोंड्याचं घर बघितलं होतं. दोन खोल्या, सासू, दीर आणि तेलाचे डबे. जावई बोलायला गोड होता. गोड माणसाकडे चार दिवस जावं, राहायला जाऊ नये. ती म्हणाली, "मी खंय निजतलंय? डब्यांर?" कोमल आपली पिशवी भरायला लागली.

जाताना कोमल म्हणाली, "कोण वाचता तो कागद, आई. ऑफिसात धूळ खातलो." तिनं आईच्या समाधानासाठी म्हटलं. पण भिकाजीही असंच म्हणायचा, कागदाला कोण विचारतो. कागदाला कोणी विचारत नाही हे खरं. कागदच एक दिवस विचारतो.

त्या आठवड्यात देवकी एकटीच पेडण्याला जाऊन आली. कोणाला सांगितलं नाही. रजिस्ट्रारची कचेरी तीच होती, रंग नवा होता. बाहेर तो फळा होता. सात-आठ जोडप्यांची नावं लागली होती. ती तिथे उभी राहून बघत राहिली की कोण वाचतं. बाजाराचा दिवस होता. मासळीच्या पिशव्या घेऊन माणसं येत होती, जात होती, एक बाई फळ्याच्या सावलीत बसून मुलाला केळं भरवत होती. तास दीड तास झाला. एकाही माणसानं मान वर करून फळ्याकडे बघितलं नाही. देवकी परतीच्या बसमध्ये बसली. राग यायला हवा होता, भिकाजीचा, स्वतःचा. आला नाही. तिनं तिकीट घेतलं आणि सुटे पैसे रुमालात बांधले.

सुनावणी बुधवारी अकराला होती. साहेब पणजीहून आले होते, वयस्कर, चष्मा कपाळावर. गौरवीनं रेशन कार्ड, वीस वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, शेजारणीचं लेखी म्हणणं असं एकेक पुढे ठेवलं आणि नियम नऊ वाचला. चंद्रावती दाराशी उभी होती. साहेबांनी चोपडी स्वतः वाचून बघितली. नियम आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनाही कोणाला घराबाहेर काढायची हौस नसावी.

"बाई, एवढंच सांगा," ते म्हणाले. "तोंडी विचारावं लागतं, म्हणून विचारतो. तुम्ही मयत भिकाजी गावस यांच्या पत्नी आहात का?"

खोलीत पंखा फिरत होता. चंद्रावतीनं पदर तोंडाला लावला. गुरुदास, जो कोमलच्या लग्नात पंगतीत बसून तीनदा खीर मागून जेवला होता, तो फायलीत बघत होता.

देवकीला टिप्पर दिसला, मांडवाबाहेर उभा, बॉनेटवर आंब्याची डहाळी. आपण मांडवातून उठून वऱ्हाडाच्या बायकांना पोती टाकून बसा म्हणून सांगितलं असतं तर लुगडी वाचली असती, असं तिच्या मनात आलं. ती म्हणाली, "नाय."

"मग कोण म्हणून राहत होता?"

"रवत होतंय," देवकी म्हणाली. "जेवण करी. ताडपत्री शिवी."

साहेबांनी लिहून घेतलं. गौरवी खाली बघत होती. ती जिंकत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

प्रतिज्ञापत्र पुढे आलं. मी देवकी सखाराम परब, ऊर्फ देवकी गावस. ऊर्फ हा शब्द पेपरात चोरांच्या नावापुढे येतो तेवढाच देवकीला ठाऊक होता. तिनं पेन घेतलं आणि सवयीनं देवकी भिकाजी असं लिहायला लागणार तोच गुरुदास हळूच म्हणाला, "वयनी, तां नको. बायको न्हय म्हणून लिहिलां आणि सय गावस म्हणून केली तर वरसून कागद परत येतलो. माहेरचां नाव घालात."

गौरवी उसळली. ऊर्फ लिहिलं आहे ना, मग कोणतीही सही चालेल, असं ती म्हणायला लागली. देवकीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "रवां दी गे, बाय."

तिनं पेन धरलं. टोकं बधिर असल्यामुळे पेन धरलंय की नाही हे तिला बघूनच कळायचं. हे नाव तिनं वीस-बावीस वर्षांत कुठेच लिहिलं नव्हतं. शेवटचं लिहिलं होतं ते पेडण्याच्या मेजावर, चैत्रात, आणि तेव्हा शेजारी खनिजाच्या वासाचा एक माणूस उभा होता, आपली पाळी येईपर्यंत पेनाकडे टक लावून बघत. अक्षर तसंच गोल आलं. देवकी सखाराम परब.

साहेबांनी शिक्का मारला. चौदा नंबरची खोली तिची झाली. मरेपर्यंत तिला कोणी उठवणार नव्हतं, नळ तोडणार नव्हतं, कुलूप घालणार नव्हतं. देवकीनं पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि उठली.

"बसात, वयनी," गुरुदास म्हणाला. "दोन प्रती आसत. आजून एक सय रवली."

देवकी बसली. त्यानं दुसरी प्रत तिच्यापुढे सरकवली, बोट ठेवून जागा दाखवली. तिनं टोपण काढलं. देवकीपर्यंत लिहून झालं, सखाराम झालं, आणि मग पुढचं अक्षर तिला दिसेना. आधी तिला वाटलं शाई संपली. मग कागदावर थेंब पडला तेव्हा तिला कळलं. तिनं पदरानं कागद टिपला, पुसट झालेल्या जागेच्या बाजूला परब असं लिहिलं आणि मेजावर डोकं टेकून ती मोठ्यानं, चारचौघांत, माळावर रडायची राहिली होती तसं रडायला लागली.

साहेब गोंधळून उभे राहिले. गुरुदासनं त्यांना हातानं बसा म्हणून खूण केली आणि कागद ओला होऊ नये म्हणून तिच्या कोपराखालून अलगद काढून घेतला.

"काय नाय, साहेब," तो म्हणाला. "खोली मेळली की सगळ्यांका असांच होता."